थेंबातील कुजबुज : एनएमआरची संवेदनक्षमता वाढवण्याची ऐंशी वर्षे

तपासणीसाठी दिलेल्या मूत्राच्या लहानशा बाटलीत हजारो प्रकारचे रेणू असतात. खाल्लेले अन्न, घेतलेली औषधे, आतड्यातील जिवाणूंचे उद्योग आणि आपल्या पेशींत अहोरात्र चालणारा चयापचय, या साऱ्यांचा जमाखर्च त्या द्रवात नोंदलेला असतो. २०१३ साली कॅनडातील संशोधकांनी या जमाखर्चाची सविस्तर मोजदाद प्रसिद्ध केली. अनेक तंत्रे वापरून केलेल्या त्या मोजणीत अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाने, म्हणजेच एनएमआरने, सर्वाधिक संयुगे मोजली. ती होती २०९. मूत्रातील ज्ञात रेणूंची यादी मात्र हजारांच्या घरात जाते. एनएमआरच्या सामर्थ्याची आणि मर्यादेची कल्पना या एकाच आकड्यातून येते.

हे सामर्थ्य कोणते? एनएमआरमध्ये नमुना नष्ट होत नाही. घटक आधी एकमेकांपासून वेगळे करावे लागत नाहीत. वर्णपटातील शिखराचे क्षेत्रफळ त्या रेणूच्या संहतीच्या थेट प्रमाणात असते आणि तोच नमुना दुसऱ्या शहरातील यंत्रावर ठेवला तरी उत्तर बदलत नाही. वस्तुमान वर्णपटमापन या प्रतिस्पर्धी तंत्राला कितीतरी अधिक विरळ रेणू दिसतात. परंतु त्यात प्रत्येक रेणू सारख्याच सुलभतेने आयनित होत नसल्यामुळे मोजमापासाठी संदर्भनमुन्यांचा आधार घ्यावा लागतो. एनएमआरचे उत्तर खरे असते, पण क्षीण असते. रक्तातील ग्लुकोजची संहती सुमारे ५ मिलिमोलर असते; ते एनएमआरला सहज दिसते. मायक्रोमोलरच्या खाली उतरले की दृष्टी मंद होते. टेस्टोस्टेरॉनसारखी संप्रेरके तर काही नॅनोमोलर इतकीच असतात. नेहमीच्या एनएमआरला त्यांचे अस्तित्वही जाणवत नाही.

ही क्षीणता येते कुठून, हे समजल्याशिवाय पुढचा इतिहास समजणार नाही. हायड्रोजनचे अणुकेंद्र, म्हणजे प्रोटॉन, चुंबकीय क्षेत्रात ठेवले की ते क्षेत्राच्या दिशेने किंवा विरुद्ध दिशेने, अशा दोन अवस्थांपैकी एकीत सापडते. दोन्ही अवस्थांतील ऊर्जेचा फरक इतका अल्प असतो की खोलीच्या तापमानातील उष्णतेची धडपड तो जवळजवळ पुसून टाकते. आजच्या ६०० मेगाहर्ट्झच्या यंत्रात दहा लाख प्रोटॉन घेतले, तर दोन अवस्थांतील संख्येचा फरक ५० सुद्धा भरत नाही. बाकीचे सारे एकमेकांचा परिणाम रद्द करतात. आपल्याला संकेत मिळतो तो या मूठभर उरलेल्यांचा. या फरकाच्या प्रमाणाला ध्रुवीकरण म्हणतात.

डिसेंबर १९४५ मध्ये अमेरिकेतील केंब्रिज येथे एडवर्ड पर्सेल, हेन्री टोरी आणि रॉबर्ट पाउंड यांनी मेणातील प्रोटॉनांचे अनुस्पंदन प्रथम नोंदवले. जवळपास त्याच सुमारास स्टॅनफर्डमध्ये फेलिक्स ब्लॉख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यात तोच परिणाम पाहिला. पर्सेल यांच्या चुंबकाचे क्षेत्र आजच्या मानाने दुबळे होते. त्यात ध्रुवीकरण दहा लाखांत दोन-तीन इतकेच होते. तरीही संकेत मिळाला, कारण त्यांनी मेणाचा मोठा साठा वापरला होता. विरळ द्रावणातील रेणूंचा विचार तेव्हा कोणाच्या मनात असणे शक्यच नव्हते. अणुकेंद्राचे चुंबकत्व मोजणे हा भौतिकीचा प्रश्न होता आणि १९५२ चे नोबेल पारितोषिक ब्लॉख व पर्सेल यांना मिळाले ते त्यासाठीच.

हे तंत्र रसायनशास्त्राच्या हाती आले त्या घडामोडीत भारतीय नाव आहे. स्टॅनफर्डमध्ये काम करणारे एस. एस. धर्मट्टी यांनी जेम्स अर्नोल्ड आणि मार्टिन पॅकार्ड यांच्यासह १९५१ साली इथाइल अल्कोहोलचा वर्णपट प्रसिद्ध केला. एकाच रेणूतील हायड्रोजनांनी तीन वेगवेगळी शिखरे दिली होती आणि त्यांचे प्रमाण एक, दोन आणि तीन असे रेणूच्या रचनेबरहुकूम होते. ज्याला आपण आज संयुग ‘ओळखणे’ म्हणतो, त्याचा पाया येथे आहे. मूत्रातील २०९ संयुगे ओळखणारा संशोधक नकळत याच तीन शिखरांची परंपरा पुढे नेत असतो. धर्मट्टी पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तेथे त्यांनी एनएमआरचा गट उभा केला.

त्याच १९५१ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून जी. सूर्यन यांचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. विषय होता वाहत्या द्रवातील अनुस्पंदन. स्थिर द्रवावर रेडिओलहरींचा मारा करत राहिले की दोन अवस्थांतील फरक मिटत जातो आणि संकेत विझतो. सूर्यन यांनी दाखवले की द्रव वाहता ठेवला तर थकलेली अणुकेंद्रे पुढे निघून जातात, त्यांच्या जागी ताजी येतात आणि संकेत पुन्हा बळावतो. संकेत वाढवायचा तर केवळ यंत्र सुधारणे हा एकच मार्ग नाही, अणुकेंद्रांची अवस्थाही बदलता येते, हा विचार या प्रयोगात बीजरूपाने आहे. वाहत्या रक्ताच्या चुंबकीय मापनाचा इतिहास लिहिणारे आजही या निबंधापर्यंत मागे जातात.

येथून पुढे इतिहासाला दोन वाटा फुटतात. क्षीण आवाज ऐकायचा असेल तर एक तर कान तिखट करावा लागतो, नाही तर बोलणाऱ्याला मोठ्याने बोलायला लावावे लागते. पहिली वाट यंत्रज्ञांची, दुसरी अणुकेंद्रांच्या अवस्थेत हस्तक्षेप करणाऱ्यांची.

पहिल्या वाटेवरचे सर्वांत साधे साधन म्हणजे संयम. तोच वर्णपट पुन्हा पुन्हा घ्यायचा आणि बेरीज करायची. संकेत प्रत्येक वेळी सारखाच असल्याने तो भराभर साचतो. गोंगाट कधी वर, कधी खाली असल्याने हळू साचतो. मात्र लाभ फेऱ्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात मिळतो. संकेत दहापट स्पष्ट व्हायला शंभर फेऱ्या लागतात, शंभरपट स्पष्ट व्हायला दहा हजार. एका फेरीला पाच मिनिटे लागत असतील, तर दहा हजार फेऱ्यांना जवळपास ३५ दिवस होतात. तोवर मूत्राचा नमुना कुजून जाईल.

हा वेळ वाचवला तो रिचर्ड अर्न्स्ट आणि वेस्टन अँडरसन यांनी. पूर्वी वर्णपटातील एकेक वारंवारता क्रमाक्रमाने चाळावी लागे. या दोघांनी व्हेरियन कंपनीत काम करताना १९६० च्या दशकाच्या मध्यास सर्व अणुकेंद्रांना एकाच क्षणिक स्पंदाने जागे करून त्यांचा मिश्र प्रतिसाद नोंदवला आणि फूरिए रूपांतराच्या गणिताने त्यातून वर्णपट वेगळा काढला. एका प्रतिष्ठित रसायनभौतिकी नियतकालिकाने त्यांचा निबंध दोनदा नाकारला. अखेर तो १९६६ साली उपकरणविज्ञानाच्या नियतकालिकात छापला गेला. याच कामाचा उल्लेख १९९१ साली अर्न्स्ट यांना मिळालेल्या नोबेल पारितोषिकात आहे. नैसर्गिक कार्बनमध्ये अवघे १.१ टक्के असणारे कार्बन-१३ हे समस्थानिक रोजच्या वापरात आले ते या पद्धतीमुळेच.

चुंबकही वाढत गेले. अतिसंवाहक तारांच्या वेटोळ्यांनी क्षेत्र वाढवले आणि २०२० साली इटलीतील फ्लॉरेन्स येथे १.२ गिगाहर्ट्झचे यंत्र बसले. त्याचे क्षेत्र २८.२ टेस्ला आहे. परंतु येथेही निसर्गाचा हिशेब कडक आहे. संवेदनक्षमता साधारणतः क्षेत्राच्या दीड घाताने वाढते. ६०० मेगाहर्ट्झचे यंत्र सोडून १.२ गिगाहर्ट्झचे घेतले तर लाभ २.८ पटींच्या आसपास मिळतो. संकेत पकडणारे वेटोळे सुमारे २० केल्व्हिनपर्यंत थंड केले तर त्यातला विद्युत गोंगाट घटतो आणि आणखी तिप्पट-चौपट लाभ होतो. मूत्रासारख्या खारट द्रवात क्षारांमुळे तो लाभही काहीसा उणावतो. थोडक्यात, साठ-सत्तर वर्षांच्या विलक्षण अभियांत्रिकीनंतरही दहा लाखांत दोन-तीनाचे १०० झाले, एवढेच. कान अतोनात तिखट झाला, पण बोलणारे पूर्वीइतकेच हळू बोलत राहिले.

दुसऱ्या वाटेची सुरुवात १९५३ सालची. सत्तावीस वर्षांचे अल्बर्ट ओव्हरहाउझर इलिनॉय विद्यापीठात काम करत होते. त्यांनी गणिताने एक विचित्र निष्कर्ष काढला. धातूतील इलेक्ट्रॉनांचे अनुस्पंदन सूक्ष्मलहरींनी संपृक्त केले, तर इलेक्ट्रॉनांचे ध्रुवीकरण अणुकेंद्रांकडे हस्तांतरित व्हावे. इलेक्ट्रॉनाचे चुंबकत्व प्रोटॉनाच्या ६५८ पट असल्याने हा लाभ प्रचंड असणार होता. त्या वर्षी वॉशिंग्टनच्या सभेत त्यांनी ही कल्पना मांडली, तेव्हा क्षेत्रातील मातब्बरांना ती पटेना. एक व्यवस्था तापवली असता दुसरी अधिक सुव्यवस्थित होते, हे उष्मागतिकीला धरून नाही असे त्यांना वाटले. त्याच विद्यापीठातील टॉम कार्व्हर आणि चार्ल्स स्लिक्टर यांनी वाद घालण्याऐवजी प्रयोग केला. लिथियम धातूत संकेत सुमारे शंभरपट वाढला आणि प्रश्न मिटला.

ओव्हरहाउझर यांचे नाव पुढे आणखी एका मार्गाने रूढ झाले. जवळजवळ असलेली दोन अणुकेंद्रे परस्परांचे ध्रुवीकरण बदलतात, या भावंड-परिणामाच्या आधारे प्रथिनांतील अंतरे मोजता येतात. बंगळुरूचे अनिल कुमार यांनी झुरिचमध्ये अर्न्स्ट आणि कुर्ट व्युथरिख यांच्यासह १९८० साली याचे द्विमितीय रूप प्रथिनांवर वापरून दाखवले. प्रथिनांची द्रावणातील रचना ठरवण्याच्या शास्त्राला त्यातून मोठे बळ मिळाले.

मूळ कल्पना, म्हणजे इलेक्ट्रॉनाकडून ध्रुवीकरण उसने घेणे, मात्र दीर्घकाळ जैविक द्रवांपासून दूर राहिली. कणभौतिकीवाल्यांनी ती उचलली, कारण त्यांना ध्रुवीकृत प्रोटॉनांची लक्ष्ये हवी होती. १९९० च्या दशकात एमआयटीमध्ये रॉबर्ट ग्रिफिन यांच्या गटाने शक्तिशाली सूक्ष्मलहरी वापरून ती उच्च क्षेत्रातील घन नमुन्यांसाठी पुन्हा जिवंत केली. अडचण द्रवाची होती. उत्तम ध्रुवीकरण होते ते गोठलेल्या, अतिशीत घनात. रक्त आणि मूत्र तर द्रव आहेत.

२००३ साली स्वीडनमधील माल्म येथील यान हेन्रिक आर्डेनक्यार-लार्सन आणि सहकाऱ्यांनी यावर जे उत्तर काढले ते ऐकायला धाडसी वाटते. नमुन्यात मुक्त इलेक्ट्रॉन असलेले एक संयुग मिसळायचे, ते सारे गोठवून एक-दीड केल्व्हिनपर्यंत थंड करायचे आणि सूक्ष्मलहरींचा मारा करत राहायचे. त्या तापमानाला साडेतीन टेस्लाच्या आतल्या क्षेत्रातही इलेक्ट्रॉन ९० टक्क्यांहून अधिक ध्रुवीकृत असतात. ते आपले धन अणुकेंद्रांना देत राहतात. पुरेसे साठले की त्या गोठलेल्या थेंबावर तप्त पाणी सोडायचे आणि काही सेकंदांत द्रावण एनएमआरच्या नळीत पोहोचवायचे. युरियातील कार्बन-१३ चे ध्रुवीकरण ३७ टक्क्यांपर्यंत गेले. नेहमीच्या तुलनेत संकेत दहा हजार पटींहून अधिक वाढला. मघाच्या हिशेबाने याच लाभासाठी दहा कोटी फेऱ्या लागल्या असत्या.

याचे वैद्यकीय फळही आले. अशा रीतीने ध्रुवीकृत केलेले पायरुव्हेट सॅन फ्रान्सिस्को येथे पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाच्या ३१ रुग्णांना टोचून त्याचे लॅक्टेटमध्ये होणारे रूपांतर शरीरातच पाहिले गेले. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पण वेळेची तलवार डोक्यावर असतेच. पायरुव्हेटमधील उसने ध्रुवीकरण मिनिटाभरात एक तृतीयांशाच्या आसपास उतरते. दोन-तीन मिनिटांत जे पाहायचे ते पाहून घ्यावे लागते.

तिसरा प्रवाह हायड्रोजन वायूतून आला. हायड्रोजनच्या रेणूतील दोन प्रोटॉनांची मांडणी दोन प्रकारची असते. खोलीच्या तापमानाला त्यांतील पॅरा हा प्रकार २५ टक्के असतो. योग्य उत्प्रेरकावरून नेत वायू द्रव नायट्रोजनच्या तापमानापर्यंत थंड केला की तो सुमारे ५० टक्के होतो आणि आणखी थंड केला तर जवळजवळ शुद्ध मिळतो. १९८६ साली कॅलिफोर्नियातील रसेल बोअर्स आणि डॅनियल वाइटेकॅम्प यांनी भाकीत केले, आणि पुढच्या वर्षी दाखवून दिले, की पॅराहायड्रोजन एखाद्या रेणूला जोडला तर त्याच्यातील दडलेली सुव्यवस्था एनएमआरच्या संकेतात उतरते. मात्र त्यासाठी हायड्रोजन स्वीकारू शकेल असा असंतृप्त रेणू हवा. ही अट २००९ साली इंग्लंडमधील यॉर्क येथील संशोधकांनी शिथिल केली. इरिडियमच्या एका संयुगावर पॅराहायड्रोजन आणि हवा असलेला रेणू क्षणभर एकत्र बसतात, ध्रुवीकरणाची देवाणघेवाण होते आणि रेणू न बदलता निघून जातो. २०१६ साली नेदरलँड्समधील नायमेखेन येथील गटाने याच मार्गाने जैविक द्रवाच्या अर्कातील मायक्रोमोलरहूनही विरळ रेणू एनएमआरवर दाखवले. विझवलेल्या दृष्टीला दिसेनासे झालेले रेणू हळूहळू नजरेच्या टप्प्यात येऊ लागले.

मग प्रश्न सुटला का? येथेच या इतिहासाचा खरा पेच आहे. एनएमआरची प्रतिष्ठा त्याच्या प्रामाणिक मोजणीवर उभी आहे. शिखराचे क्षेत्रफळ म्हणजे संहती, ही साधी समजूत सर्व रेणूंचे ध्रुवीकरण सारखे असल्यामुळे टिकते. अतिध्रुवीकरणात प्रत्येक रेणूला मिळणारा वाटा निराळा असतो. एखादा रेणू इरिडियमला घट्ट बिलगतो, दुसरा त्याच्याकडे फिरकतही नाही. एकाचे ध्रुवीकरण मिनिटभर टिकते, दुसऱ्याचे वाटेतच विरते. त्यातून मूत्रातील गंधकयुक्त संयुगे, क्षार आणि प्रथिने उत्प्रेरकाला निकामी करू शकतात. म्हणून आधी अर्क काढावा लागतो आणि अर्क काढताना काय गळून गेले हा नवा प्रश्न उभा राहतो. शिवाय गोठवून विरघळवण्याच्या पद्धतीत संधी एकदाच मिळते. आवाज मोठा होतो, पण कोण किती बोलले याचा हिशेब बिघडतो. वस्तुमान वर्णपटमापनाला एनएमआर ज्या गोष्टीवरून नावे ठेवत आले, तोच दोष त्याच्या दारात येतो.

रुग्णाच्या दृष्टीने हा केवळ तात्त्विक वाद नाही. रोगाचे निदान बहुधा ‘आहे की नाही’ यावर नव्हे, तर ‘किती आहे’ यावर ठरते. संकेत दहा हजार पटींनी वाढला, पण तो आज दहा हजार आणि उद्या सहा हजार पटींनी वाढत असेल, तर त्यावरून औषधाची मात्रा ठरवता येणार नाही. म्हणूनच अलीकडच्या संशोधनाचा भर केवळ वाढीच्या आकड्यावर राहिलेला नाही. नमुन्यात ज्ञात मात्रेने भर घालून मोजणी पडताळणे, प्रत्येक प्रयोग काटेकोर सारखा करणे आणि समस्थानिकाचा वेगळा भरणा न करता नैसर्गिक कार्बन-१३ वरच मूत्रासारख्या द्रवाची मोजणी करणे, या दिशांनी फ्रान्समधील नांत येथील गटासारखे अनेक जण काम करत आहेत. पहिल्या वाटेने प्रामाणिकपणा जपला, दुसरीने बळ दिले. आता दोन्ही एकत्र आणण्याचे काम चालू आहे.

भारतासाठी यातील निवड अधिक टोकदार आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात ५०० मेगाहर्ट्झच्या यंत्रासह राष्ट्रीय सुविधा उभी राहिली आणि देशभरातील संशोधकांना उच्च क्षेत्राची दारे उघडली. लखनऊचे जैववैद्यकीय संशोधन केंद्र आणि दिल्लीच्या एम्समधील एनएमआर विभाग यांनी रुग्णांच्या द्रवांचा आणि ऊतींचा अभ्यास दीर्घकाळ केला आहे. परंतु मोठे अतिसंवाहक चुंबक परदेशातून येतात, त्यांना थंड ठेवणारे हेलियमही आपण आयात करतो. चुंबकांच्या शर्यतीत पैशाचे वजन ठरवते; तेथे आपण नेहमीच मागे राहू. पॅराहायड्रोजनच्या वाटेवर मात्र द्रव नायट्रोजन, साधा हायड्रोजन आणि उत्तम रसायनशास्त्र यांच्या बळावरही बरेच काही करता येते. धातूंचे नवे संयुग घडवणे, अर्क काढण्याची विश्वासार्ह रीत बसवणे, मोजणीचा हिशेब सरळ ठेवणे, ही कामे महागड्या चुंबकाची वाट पाहत थांबत नाहीत.

सूर्यन यांच्याकडे १९५१ साली जगातील सर्वांत मोठा चुंबक नव्हता. त्यांच्याकडे वाहता द्रव होता आणि संकेत का विझतो याची नेमकी समज होती. त्या समजेने त्यांना पुष्कळ पुढचे दाखवले. आज या विषयात शिरणाऱ्या विद्यार्थ्याने यंत्राच्या मेगाहर्ट्झचा आकडा विचारण्याआधी एवढेच विचारावे, की आपल्या नळीतील अणुकेंद्रांपैकी किती जण बोलत आहेत, आणि ते बोलतात त्यावर किती विसंबून राहता येते.